गळाला लागणारा मासा : परभणीच्या पाण्यातील माशांची लांबी, वजन आणि वाढ

सस्तन प्राणी आणि पक्षी प्रौढ झाले की त्यांची वाढ थांबते, त्यामुळे बैलाचे किंवा मोराचे सर्वसाधारण वजन सांगणे फारसे अवघड नसते. बहुतेक मासे मात्र प्रौढ झाल्यानंतरही, मंदावत्या गतीने का होईना, आयुष्यभर वाढत राहतात. ही वाढ पाण्याचे तापमान, अन्नाचा पुरवठा, माशांची दाटी आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू यांवर इतकी अवलंबून असते, की एकाच जातीचे व एकाच वयाचे मासे दोन जलाशयांत दुप्पट-तिप्पट फरकाच्या वजनाचे आढळू शकतात. अमुक मासा केवढा असतो, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच एका आकड्यात देता येत नाही. त्यासाठी निदान तीन आकडे वेगळे करावे लागतात. पहिला आकडा त्या जातीच्या नोंदल्या गेलेल्या कमाल वजनाचा, दुसरा मासा पहिल्यांदा प्रजननक्षम होतो त्या वेळच्या लांबी-वजनाचा, आणि तिसरा नेहमी हाती येणाऱ्या माशाचा, म्हणजे एखाद्या पाण्यात पकडल्या जाणाऱ्या माशांपैकी बहुसंख्य ज्या मर्यादेत बसतात तिचा. या तिसऱ्या आकड्याला पुढील विवेचनात ‘प्रचलित आकारमान’ म्हटले आहे. पहिला आकडा लोकांच्या कुतूहलाचा विषय असतो. तिसरा आकडा मात्र त्या पाण्याची प्रकृती सांगतो, आणि परभणी जिल्ह्यासारख्या धरणे, बंधारे व अनिश्चित पाऊस यांच्या प्रदेशात त्याचे महत्त्व सर्वांत अधिक आहे.

कमाल वजन आणि नेहमीचे वजन

या आकड्यांमधील अंतर किती मोठे असू शकते, हे गळाने होणाऱ्या मासेमारीच्या जगातील एका प्रसिद्ध माशावरून स्पष्ट होते. उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातील लार्जमाउथ बास हा हौशी गळकऱ्यांचा अत्यंत आवडता मासा असून त्याच्या लांबी-वजनाचा अभ्यासही तितक्याच बारकाईने झालेला आहे. सुस्थितीतील ३० सेंटिमीटर लांबीचा बास सुमारे ४०० ग्रॅम भरतो, ३८ सेंटिमीटरचा सुमारे ८०० ग्रॅम आणि ५० सेंटिमीटरचा सुमारे दोन किलो. गळाला लागणारे बहुतांश बास यांपैकी पहिल्या दोन मापांच्या आसपासचे, म्हणजे अर्ध्या ते एक किलोच्या घरातले असतात. याच जातीचा विक्रमी मासा मात्र दहा किलोंहून थोडा अधिक वजनाचा आहे. २ जून १९३२ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी २२ पौंड ४ औंस वजनाचा बास पकडला आणि तो विक्रम ७७ वर्षे टिकला. २ जुलै २००९ रोजी जपानमधील बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांना त्याहून किंचित जड मासा मिळाला. परंतु जुना विक्रम मोडल्याचे मानण्यासाठी नियमाने ठरवलेला किमान फरक या दोन वजनांत नसल्यामुळे दोन्ही मासे बरोबरीचे धरले जातात. विक्रमी मासा नेहमीच्या माशाच्या दहा ते वीस पट जड असतो, आणि लाखो लोक गळ टाकत असूनही तसा मासा पुन्हा मिळण्यास पाऊणशे वर्षांहून अधिक काळ जातो, यावरून कमाल वजन ही प्रत्यक्षात किती दुर्मीळ घटना आहे हे लक्षात येते.

महाराष्ट्रात इंग्रजी नावाच्या दृष्टीने बासशी जोडला जाणारा मासा म्हणजे कोकणातील जिताडा. रायगड जिल्ह्यातील खाड्या आणि खारपट्ट्यातील तळी यांत वाढणारा हा मासा आशियाई सी-बास म्हणून ओळखला जातो. तो पन्नास किलोंच्या पुढे वाढू शकतो आणि आयुष्याच्या पूर्वार्धात नर असलेला जिताडा पुढे मादीत रूपांतरित होतो. त्याला प्रजननासाठी समुद्राचे किंवा खाडीमुखाचे खारे पाणी लागते, त्यामुळे गोदावरी खोऱ्याच्या मराठवाड्यातील भागात तो निसर्गतः आढळत नाही. जिवंत आमिषावर झेप घेणाऱ्या शिकारी माशाची ही जागा मराठवाड्याच्या पाण्यात मरळ आणि शिवडा या माशांनी घेतलेली आहे, तर संख्येने अधिक मिळणारे मासे कटला, रोहू, मृगळ या कार्प गटातील आहेत.

परभणी जिल्ह्यातील पाणी

परभणी जिल्ह्याचा दक्षिण भाग गोदावरीने आणि उत्तर-पूर्व भाग पूर्णा नदीने व्यापलेला आहे. त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी पैठणच्या जायकवाडी धरणानंतर पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा या तालुक्यांच्या परिसरातून वाहते. अजिंठ्याच्या डोंगररांगांत उगम पावणारी पूर्णा दुधना नदीला पोटात घेऊन पूर्णा तालुक्यात गोदावरीला मिळते. गोदावरीच्या पात्रावर ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, मुळी आणि दिग्रस येथे उच्च पातळीचे बंधारे झाल्यामुळे एके काळी उन्हाळ्यात डोहांपुरते उरणारे पाणी आता बंधाऱ्यांमागे लांबवर साठून राहते. पूर्णा नदीवर जिंतूर तालुक्यात असलेले येलदरी धरण १९६८ साली पूर्ण झाले. त्याचा उपयुक्त साठा सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर असून पायथ्याशी २२.५ मेगावॅट क्षमतेचे जलविद्युत केंद्र आहे. येलदरीतून सोडलेले पाणी खालच्या सिद्धेश्वर धरणात येते, जे १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यापासून त्या जिल्ह्यात मोडते. याखेरीज सेलू तालुक्यातील निम्न दुधना, जिंतूर तालुक्यातील करपरा आणि गंगाखेड तालुक्यातील मासोळी हे प्रकल्प, तसेच अनेक पाझर तलाव व गावतळी माशांना आसरा देतात.

माशांच्या वाढीच्या दृष्टीने या सर्व पाण्यांचे तीन प्रकार पडतात. वाहती नदी आणि तिचे डोह हा पहिला प्रकार. यात अन्न विखुरलेले असते, परंतु पावसाळी पुरामुळे प्रजननाला वाव मिळतो. मोठे जलाशय हा दुसरा प्रकार. यात खोली व जागा भरपूर असल्याने मासा मोठा होऊ शकतो, पण सिंचनासाठी पाणी सोडल्यावर पातळी झपाट्याने उतरते आणि काठालगतचा उथळ, अन्नसमृद्ध पट्टा उघडा पडतो. लहान तलाव हा तिसरा प्रकार; त्यात खत-गाळामुळे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पती व प्राणी, विपुल असतात आणि मासे पहिल्या वर्षी वेगाने वाढतात, तथापि उन्हाळ्यात तलाव आटल्यामुळे त्यांना दुसरे वर्ष क्वचितच लाभते. परभणीचा उन्हाळा चाळीस अंश सेल्सिअसच्या पुढे जातो, आणि पाणी जितके तापते तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. त्यामुळे मे महिन्यातील उथळ पाण्यात मासा जिवंत राहिला तरी त्याची वाढ जवळजवळ खुंटते.

कोणता मासा केवढा

कटला, रोहू आणि मृगळ यांना मिळून भारतीय प्रमुख कार्प म्हटले जाते. फ्रान्सिस बुकानन-हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातील माशांवर १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या तिन्ही जातींचे शास्त्रीय वर्णन केले. आज महाराष्ट्राच्या जलाशयांत या जाती मुख्यतः बीज सोडून वाढवल्या जातात, कारण त्या साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचे वाहते व गढूळ पाणी लागते. ही अडचण १० जुलै १९५७ रोजी दूर झाली. डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पियुष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प माशांचे यशस्वी प्रेरित प्रजनन घडवून आणले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ देशात १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. या तंत्रामुळे निर्माण होणारे बीज वाढीच्या टप्प्यांनुसार ओळखले जाते: अंड्यातून नुकतेच बाहेर पडलेले काही मिलिमीटरचे पिल्लू म्हणजे मत्स्यजिरे, सुमारे अडीच सेंटिमीटरचे ते मत्स्यबीज आणि आठ ते दहा सेंटिमीटरची ती बोटुकली. मोठ्या जलाशयात बोटुकलीच सोडावी लागते, कारण तिच्याहून लहान पिल्ले शिकारी माशांच्या तोंडी फार मोठ्या संख्येने पडतात.

चांगल्या निगराणीच्या तळ्यात कटला व रोहू पहिल्या वर्षाअखेर साधारणतः पाऊण ते एक किलोपर्यंत पोहोचतात. जलाशयात हे प्रमाण अन्न आणि दाटी यांनुसार कमी-अधिक होते. बीज दरवर्षी सोडले जाते आणि मासा बहुधा एक-दोन वर्षांतच पकडला जातो, त्यामुळे गळाला किंवा जाळ्याला लागणारा कार्प बहुतेक वेळा अर्धा ते दोन किलोंचा असावा हे ओघानेच येते. या माशांची कमाल क्षमता मात्र याच्या कितीतरी पुढे आहे: कटल्याची नोंद ३८ किलोंपर्यंत, रोहूची ४५ किलोंपर्यंत आणि मृगळाची १२ किलोंपर्यंत झालेली आहे. तिघांच्या तोंडांची ठेवण त्यांच्या खाण्याच्या जागेप्रमाणे वेगळी असते. वर वळलेल्या तोंडाचा कटला पृष्ठभागाजवळचे प्राणिप्लवक खातो, रोहू मधल्या थरात चरतो आणि मृगळ तळातील कुजके सेंद्रिय द्रव्य टिपतो. म्हणून कणकेचा गोळा लावलेला गळ किती खोलीवर सोडला आहे, यावर कोणता मासा लागणार हे बऱ्याच अंशी ठरते.

मरळ हे नाव एका जातीचे नसून एका कुळातील अनेक जातींना दिले जाते आणि त्यांच्या आकारमानात मोठी तफावत आहे. सापासारखे चपटे डोके, लांबट गोल शरीर आणि डोक्यामागील विशेष कप्प्यांच्या साहाय्याने हवेतला प्राणवायू घेण्याची क्षमता, ही या कुळाची लक्षणे होत. यातील लहान जाती ३० सेंटिमीटरच्या आतच थांबतात. चिखली तळ्यांत आढळणारा पट्टेदार मरळ बहुधा अर्धा ते एक किलोचा मिळतो व क्वचित एक मीटरपर्यंत वाढतो, तर नदीच्या डोहात राहणारा मोठा मरळ १.८ मीटर लांबी आणि ३० किलो वजनापर्यंत नोंदला गेलेला आहे. लहान मासा, बेडूक किंवा गांडूळ हे मरळाचे आमिष असते. मरळाची जोडी पिलांची राखण करते. पृष्ठभागावर एकत्र फिरणाऱ्या पिलांच्या थव्याखाली आई-बाप असतात, आणि त्या वेळी ते जवळ येणाऱ्या कोणत्याही हलत्या वस्तूवर झडप घालतात. या काळात गळाने मोठा मरळ काढणे सोपे असते, परंतु त्याबरोबर शेकडो पिले निराधार होऊन इतर माशांचे भक्ष्य बनतात.

शिवडा हा खवले नसलेला, रुंद जबड्याचा आणि लांब चपट्या शरीराचा शिकारी मासा दोन मीटरच्या पुढे व ४५ किलोंपर्यंत वाढल्याची नोंद आहे. इतर मासे गिळून वाढणारा असल्याने बीज सोडलेल्या जलाशयात मत्स्यव्यावसायिकांना तो नकोसा वाटतो, मात्र गळकऱ्यांना मिळू शकणारा सर्वांत जड मासा बहुधा तोच असतो. मिशा आणि काटेरी पर असलेला शिंगटा दीड मीटर व दहा किलोंपर्यंत जाऊ शकतो, पण नेहमीचा शिंगटा एक किलोच्या आतला असतो. याच्या अगदी उलट टोकाला चिलापी, म्हणजे तिलापिया, हा मासा येतो. आफ्रिकेतील मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ साली आणला गेला. तो काही महिन्यांतच प्रजननक्षम होतो, वर्षातून अनेकदा पिले देतो आणि दाटी झाली की शंभर-दोनशे ग्रॅमलाच खुंटतो, त्यामुळे तलावात चिलापी माजली की गळाला वारंवार मासा लागतो परंतु एकूण वजन वाढत नाही.

या यादीत महसीरचा उल्लेख आवश्यक आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या नद्यांतील माशांची जी वर्णने १८३९ पासून प्रसिद्ध केली, त्यांत दख्खनी महसीरचे पहिले शास्त्रीय वर्णन आहे. स्वच्छ, वाहते, प्राणवायूने समृद्ध पाणी आणि खडकाळ तळ ही त्याची गरज असल्याने गाळ साचलेल्या बंधाऱ्यांच्या साखळीत त्याला जागा उरत नाही. लोणावळ्याजवळच्या वळवण येथील टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून या माशाचे कृत्रिम प्रजनन होत आले आहे. महसीर गटातील मासे किती वाढू शकतात याची कल्पना कावेरी खोऱ्यातील नोंदीवरून येते. तेथे १९४६ साली गळाने धरलेला महसीर १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा होता.

लांबी आणि वजन यांचे नाते

माशाची लांबी मोजण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. तोंड मिटवून, शेपटीची टोके एकत्र जुळवून, तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत घेतलेली ती एकूण लांबी, आणि शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत घेतलेली ती खाच-लांबी. कार्प माशांची शेपटी खोल दुभंगलेली असल्याने या दोन मापांत बराच फरक पडतो, म्हणून नोंद करताना कोणती लांबी घेतली हे लिहिणे अत्यावश्यक ठरते. माप सपाट पट्टीवर घ्यावे. माशाच्या फुगीर अंगावरून फीत नेली तर लांबी वास्तवापेक्षा अधिक येते.

लांबी दुप्पट झाली की वजन दुप्पट होत नाही, ते जवळपास आठपट होते, कारण मासा लांबीबरोबर रुंदी आणि जाडी या दोन्ही दिशांनीही वाढत असतो. स्कॉटलंडमधील मत्स्यशास्त्रज्ञ टी. डब्ल्यू. फुल्टन यांनी १९०४ मध्ये या घनाच्या नियमाकडे लक्ष वेधले, आणि पुढे त्याला आज सर्वत्र वापरले जाणारे रूप मिळाले: वजन बरोबर एक स्थिरांक गुणिले लांबीचा विशिष्ट घात, जो घात बहुतेक माशांत तीनच्या आसपास असतो. याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. ३० सेंटिमीटरचा रोहू सुमारे ३०० ग्रॅमचा असतो, तर ६० सेंटिमीटरचा रोहू अडीच किलोंच्या आसपास जातो. तसेच माशाच्या लांबीत केवळ एक-पंचमांश वाढ झाली तरी वजन सुमारे ७० टक्क्यांनी वाढते. बोटभर लांबीच्या फरकासाठी मासा आणखी काही महिने पाण्यात राहू देणे किफायतशीर का ठरते, हे या गणितातून दिसते.

स्थिरांक मात्र जातीगणिक बदलतो, कारण त्यात शरीराचा घाट सामावलेला असतो. ५० सेंटिमीटर लांबीचा पोटाकडे फुगीर कटला साधारणपणे पावणेदोन ते सव्वादोन किलोंचा, तेवढ्याच लांबीचा रोहू सुमारे दीड किलोचा, मरळ सुमारे एक किलोचा आणि चपटा शिवडा पाऊण किलोच्या आसपास भरतो. केवळ लांबी सांगून मासा किती मोठा होता हे कळत नाही. जात सांगितल्याशिवाय तो आकडा अपुरा राहतो.

वजनकाटा हाताशी नसताना लांबीबरोबर घेर मोजून अंदाज बांधता येतो. शरीराच्या सर्वांत जाड भागाचा घेर सेंटिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा, त्याला लांबीने गुणावे आणि येणाऱ्या संख्येला ३० ने भागावे. उत्तर ग्रॅममध्ये मिळते. ६० सेंटिमीटर लांब आणि ४० सेंटिमीटर घेराच्या माशाचे वजन या रीतीने सुमारे ३,२०० ग्रॅम येते. यामागील तर्क असा, की मासा पूर्ण नळकांड्यासारखा असता तर भागाकार साडेबाराने करावा लागला असता, परंतु तो दोन्ही टोकांना निमुळता होत जात असल्याने त्याचे घनफळ तेवढ्याच लांबी-घेराच्या नळकांड्याच्या निम्म्याहूनही कमी भरते, आणि माशाच्या शरीराची घनता पाण्याच्या घनतेजवळ असल्याने घनफळाचा आकडा थेट वजनाचा म्हणून वापरता येतो. हे सूत्र मध्यम घाटाच्या माशांना ठीक लागू पडते. फार चपट्या किंवा फार लांबट माशांना त्यातून केवळ ढोबळ अंदाज मिळतो.

याच नात्यातून सुस्थिती-गुणांक निघतो. ग्रॅममधील वजनाला शंभराने गुणून सेंटिमीटरमधील लांबीच्या घनाने भागले, की तो मिळतो. ५० सेंटिमीटरचा रोहू १,५०० ग्रॅम भरला तर गुणांक १.२ येतो, आणि त्याच लांबीचा रोहू १,२०० ग्रॅमच भरला तर तो १ च्या खाली उतरतो. दुसरा मासा उपासमारीचा, रोगाचा किंवा दाटीचा बळी आहे असे त्यावरून समजते. तुलना मात्र एकाच जातीच्या, शक्यतो एकाच ऋतूतील माशांची करावी लागते, कारण जून-जुलैत अंड्यांनी भरलेली मादी नेहमीपेक्षा जड असते आणि अंडी घातल्यावर तिचे वजन एकदम घटते.

लहान मासेच अधिक का मिळतात

प्रचलित आकारमान लहान असण्यामागे पहिले कारण मृत्यूचे प्रमाण हे आहे. एखाद्या पाण्यात एक वर्ष वयाचे हजार मासे आहेत आणि शिकार, रोग व मासेमारी यांमुळे दरवर्षी त्यांतील निम्मे नष्ट होतात असे मानले, तर दुसऱ्या वर्षी पाचशे, तिसऱ्या वर्षी अडीचशे, चौथ्या वर्षी सव्वाशे आणि सहाव्या वर्षी जेमतेम तीस मासे उरतात. गळ सर्व वयाच्या माशांना सारखाच लागू शकत असला तरी संख्येच्या बळावर तो लहान माशालाच अधिक वेळा लागणार. मासेमारी जितकी तीव्र, तितकी ही उतरंड अधिक उभी होते आणि मोठा मासा अधिक विरळ होतो.

दुसरे कारण साधनांच्या निवडीचे आहे. मोठा गळ लहान तोंडात मावत नाही आणि बारीक गळ मोठ्या माशाच्या ओढीने सरळ होतो किंवा तुटतो. कणीक व गांडूळ यांवर लहान-मोठे सर्व मासे येतात, तर जिवंत माशाच्या आमिषावर मोठे शिकारी मासे येतात. जाळ्याबाबत हीच गोष्ट आसाने ठरते. आस म्हणजे जाळ्याच्या दोन गाठींमधील मोकळी जागा. तिच्याहून बारीक मासा निसटतो, ठरावीक जाडीचा मासा कल्ल्यांपाशी अडकतो आणि फार मोठा मासा डोके न शिरल्यामुळे परत फिरतो. बारीक आसाची जाळी वापरात आली की बोटुकलीपासून सगळेच हाती लागते. स्फोटके आणि विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानेच बंदी घातली, कारण त्यात आकारमानाची कोणतीही निवड न होता एका डोहातील सर्व पिढ्या एकाच वेळी संपतात.

तिसरे कारण पाण्याचे आयुष्य हे होय. मराठवाड्यात पाऊस एखाद्या वर्षी दगा देतो, जलाशय मृतसाठ्यावर येतात, आणि उरलेल्या थोड्या पाण्यात दाटलेले मासे सहज पकडले जातात. अशा अवर्षणानंतर धरण पुन्हा भरले तरी त्यातील माशांच्या वयाची घडी मोडलेली असते. पुढील दोन-तीन वर्षे नव्याने सोडलेल्या बीजातून वाढलेले तरुण मासेच मिळत राहतात. माशाचे वय त्याच्या खवल्यांवरील आणि कानातील खड्यांवरील वलयांवरून काढता येते, आणि लांबीची नोंद त्या वयाच्या शेजारी ठेवली की मासे लहान आहेत याचे कारण वाढ खुंटणे आहे की वय कमी असणे, याचा उलगडा होतो. दोन्हींवरचे उपाय परस्परविरोधी असल्याने हा भेद महत्त्वाचा आहे. वाढ खुंटली असेल तर दाटी कमी करण्यासाठी मासे अधिक पकडावे लागतात. वय कमी असेल तर मासेमारी आवरावी लागते.

मोठ्या माशाचे मोल

कटला व रोहू साधारणपणे दुसरे वर्ष पूर्ण होण्याच्या सुमारास प्रजननक्षम होतात. रोहूच्या मादीत किलोमागे सुमारे दोन लाख अंडी असतात असे धरले, तर पाच किलोंची एक मादी दहा लाख अंडी देते. समुद्री माशांच्या ३४२ जातींच्या माहितीवरून २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की बहुतेक जातींत मादीची प्रजननक्षमता वजनाच्या प्रमाणाहूनही वेगाने वाढते, म्हणजे एका मोठ्या मादीची जागा तेवढ्याच एकूण वजनाच्या अनेक लहान माद्या भरून काढू शकत नाहीत. बीज सोडून चालणाऱ्या जलाशयात कार्पच्या बाबतीत याचा परिणाम मर्यादित असला, तरी नदीत नैसर्गिकरीत्या वाढणाऱ्या शिंगटा, शिवडा, मरळ या माशांचे भवितव्य पूर्णपणे अशा मोठ्या माद्यांवर अवलंबून आहे.

यातून दोन मर्यादा सुचतात आणि त्या एकत्रच पाळाव्या लागतात. प्रजननक्षम होण्याआधीचा मासा पाण्यात परत सोडणे ही खालची मर्यादा झाली, आणि पावसाळ्याच्या तोंडावर अंड्यांनी भरलेल्या मोठ्या माद्यांना अभय देणे ही वरची. गळाने पकडलेला मासा जाळ्यातल्या माशाच्या तुलनेने सुखरूप परत सोडता येतो; त्यासाठी गळाचा उलटा काटा दाबून बसवावा, मासा ओल्या हाताने धरावा जेणेकरून त्याच्या अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघणार नाही, आणि उन्हाळ्यातील तापल्या दुपारी त्याला पाण्याबाहेर फार वेळ ठेवू नये. हौशी गळकऱ्याला ही पथ्ये पाळणे सहज शक्य आहे. ज्यांचा उदरनिर्वाहच मासेमारीवर आहे त्या भोई व इतर मच्छीमार कुटुंबांना मात्र लहान मासा सोडण्याचा तोटा आज सोसावा लागतो आणि लाभ उद्या मिळतो, म्हणून आसाची मर्यादा व प्रजननकाळातील विश्रांती हे निर्णय जलाशयावरील मच्छीमार सहकारी संस्थेने एकत्रितपणे घेतले तरच न्याय्य व टिकाऊ ठरतात.

अशा निर्णयांना आधार लागतो तो मोजमापांचा, आणि ते मिळवणे खर्चाचे काम नाही. एक मोजपट्टी, एक ताणकाटा आणि एक वही एवढ्या साहित्यावर प्रत्येक माशाची जात, एकूण लांबी, वजन, तारीख, ठिकाण आणि वापरलेला गळ किंवा जाळ्याचा आस यांची नोंद ठेवता येते. उदगीर येथे मत्स्यविज्ञान महाविद्यालय असल्याने मराठवाड्यातच अशा नोंदींचे विश्लेषण होऊ शकते. येलदरी, निम्न दुधना आणि गोदावरीवरील बंधारे यांच्या काठी अशा नोंदी सलग चार-पाच वर्षे झाल्या, तर रोहूची प्रचलित लांबी घटते आहे की वाढते आहे, सुस्थिती-गुणांक कोणत्या महिन्यात कोसळतो, चिलापीचा वाटा किती झाला आणि दोन किलोंवरचा मासा शेकडा किती वेळा मिळतो, या प्रश्नांची उत्तरे अनुमानाऐवजी आकड्यांनी देता येतील. बीज किती सोडायचे, कोणत्या जातीचे सोडायचे आणि मासेमारी केव्हा थांबवायची हे त्या आकड्यांवरून ठरवता येईल. आणि ते ठरवण्याचा पहिला अधिकार ज्यांच्या हातून मासा रोज पाण्याबाहेर येतो त्या मच्छीमारांचाच असल्यामुळे, ही वही त्यांच्या संस्थेत त्यांच्याच हाताने भरली जाणे सर्वांत उचित होय.